येऊरचा चढ, २१ गिअर आणि तरीही सायकल हातात: दाते नक्की किती हवेत?

उपवनकर | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ठाण्यात उपवन तलावापासून हाकेच्या अंतरावर राहतो. वय ४१, वजन ७८. दिवाळीत एमटीबी (डोंगरी सायकल) घेतली. चाकं साडेसत्तावीस इंची, पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर. सायकलचं वजन पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर केलं, १७ किलो भरलं. (गिरणीवाल्याने दळणाचे पैसे मागितले नाहीत, आभार.)

तलावाभोवती चकरा मारून कंटाळा आला म्हणून येऊरच्या डोंगरात जायला लागलो. वनखात्याच्या चौकीपर्यंत ठीक असतं. पुढे वळणं सुरू झाली की पायडल जणू सिमेंटमध्ये रुतल्यासारखं होतं. डावीकडे १, उजवीकडे १, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, तरी दुसऱ्या वळणावर उतरून ढकलावं लागतं. परवा एक मावशी डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन माझ्या पुढे निघून गेल्या. वर मागे वळून "बसा जरा" म्हणाल्या.

जिथून घेतली तिथे विचारलं. ते म्हणाले, ही सायकल चढासाठी नाहीच, १ बाय १२ (पुढे एक चक्र, मागे बारा) घ्या. ती माझ्या सायकलीच्या चौपट किमतीची. घरी हा आकडा अजून सांगितलेला नाही.

प्रश्न असा: २१ गिअर असून चढ जमत नसेल तर १२ गिअरने कसा जमणार? की दोष पायांचा आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. डाव्या गुडघ्याची पुढची बाजूही दुखते, तेही सांगून ठेवतो.

तर्री_जास्त | शनिवार, ९.३२

मावशींचा गिअर कुठला होता ते विचारलंत का?

पोखरणकाका | शनिवार, १०.०५

गिअर, शॉकअप, डिस्क ब्रेक. आम्ही ७८ साली चोवीस इंची फ्रेमची काळी सायकल घेऊन, मागे कॅरिअरवर मित्र बसवून ठाणंभर हिंडायचो. एकच गिअर. पायात दम पाहिजे, दात तोंडात असले की पुरे.

चेनतेल | शनिवार, १०.४०

उपवनकर, आधी एक काम करा. गिअर किती हे विसरा. पुढच्या सगळ्यात छोट्या चक्राला दाते किती आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला दाते किती, एवढे दोनच आकडे मोजून इथे लिहा. चढावर या दोनच आकड्यांशी तुमची गाठ आहे. बाकीचे २० गिअर तिथे नुसते वजन म्हणून तुमच्याबरोबर येतात.

मोजताना एका दात्याला खडूने खूण करा, नाहीतर गोल फिरत बसाल. अनुभव आहे.

गुडघ्याचं: पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली आणा, पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो. त्यानेही थांबलं नाही तर डॉक्टर.

उपवनकर | शनिवार, दुपारी १२.१५

मोजले. पुढे ४२-३४-२४. मागे ७ चक्रं: १४, १६, १८, २०, २२, २४, २८. हात कोपरापर्यंत काळे झालेत.

सीट दोन इंच खाली निघाली. ट्रॅफिकमध्ये दोन्ही पाय टेकावेत म्हणून मीच खाली करून ठेवली होती.

गणिताचा_तास | शनिवार, १.५०

जेवण झालं, आता तास घेतो. ज्यांना डुलकी घ्यायचीय त्यांनी मागच्या बाकावर बसावं.

पुढचे दाते भागिले मागचे दाते. हे उत्तर म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं. त्याला चाकाच्या घेराने गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते कळतं. साडेसत्तावीस इंची चाकाला २.१ इंची टायर असेल तर घेर साधारण २ मीटर १५ सेंटिमीटर. खात्री करायची असेल तर टायरला खडूची रेघ मारा, सायकल एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा.

उपवनकरांचा सगळ्यात हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. एका फेऱ्यात १ मीटर ८४. सगळ्यात जड ४२ भागिले १४, म्हणजे बरोबर ३, फेऱ्याला ६ मीटर ४५.

आता चढ. येऊरची टक्केवारी दर ॲप वेगळी दाखवतं, त्या वादात पडत नाही. हिशेबाला दहा टक्के धरू: शंभर मीटर पुढे, दहा मीटर वर. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो. ताशी ६ किलोमीटर वेगाने हे ओझं वर न्यायला, टायरचं घर्षण धरून, साधारण १७५ वॉट लागतात. ही मजुरी गिअर बदलून कमी होत नाही. डोंगर आपलं देणं पैसे पैसे करून वसूल करतोच. गिअर फक्त हप्ते पाडून देतो: थोडे आणि जड, की पुष्कळ आणि हलके.

ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर. १.८४ च्या गिअरवर मिनिटाला ५४ फेरे होतात. हे कष्टाचं आहे, पण "सिमेंटमध्ये रुतलं" असं वाटण्याइतकं नाही. म्हणून माझा उपवनकरांना उलट प्रश्न: उतरायच्या आधी पाय किती फिरत असतात? एकदा मोजा.

खारघरची_घार | शनिवार, २.३०

मोजायच्या आधी अजून एक. डावीकडे शिफ्टरवर (गिअर बदलायच्या खटक्यावर) १ दिसतो म्हणजे चेन खरंच छोट्या चक्रावर आली असं नसतं. शिफ्टर फक्त केबल सोडतो. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) तेवढा आत सरकला का, हे वाकून बघायला लागतं.

माझ्या पहिल्या सायकलीवर मी चार महिने मधल्याच चक्रावर खारघरची टेकडी चढत होते. फणसवाडीच्या अलीकडे दर वेळी जीव घशाशी. सगळे म्हणायचे सवय होईल. सवय झालीही, तीच तर गंमत. मग एका मुलाने मागून येता येता सांगितलं, ताई तुमची चेन मधल्यावर आहे.

दुकानात बऱ्याचदा चेन आतल्या बाजूला पडू नये म्हणून डिरेलरला आत सरकण्यापासून अडवणारा स्क्रू जरा जास्तच आवळून ठेवतात. गिऱ्हाईक सपाट रस्त्यावर चालवणार हे त्यांनी धरलेलंच असतं, आणि तसं ते बहुतेक वेळा खरंही असतं.

उपवनकर | शनिवार, संध्याकाळी ६.४५

ताई, साष्टांग दंडवत!!

चेन मधल्यावरच आहे. मी इथे १-१ बसवून पायडल फिरवतोय आणि ती २४ कडे बघतसुद्धा नाही. दिवाळीपासून छोटं चक्र कोरं करकरीत आहे, त्यावर काळा डागही नाही. मोजताना हे कसं दिसलं नाही कोण जाणे.

गणिताचा_तास | शनिवार, ७.०५

मग सगळा हिशेब बदलला. ३४ भागिले २८ म्हणजे १.२१, फेऱ्याला २ मीटर ६१. ताशी ६ ला मिनिटाला ३८ फेरे. त्याहून हळू झालात की पायडल वरच्या टोकाला अडकतं आणि सायकल थांबते.

पायावरचा जोरही काढला. १७० मिलिमीटरचा क्रँक (पायडलचा दांडा) धरला तर पूर्ण फेऱ्यात पायडलवर सरासरी २६ किलोचा दाब पडतो, आणि तोही सरासरी; पायडल आडवं असताना याच्या दुप्पट सहज होतो. २४-२८ वर हीच सरासरी १८ किलोवर येते. गुडघा विनाकारण कुरकुरत नव्हता.

पोखरणकाका | शनिवार, ७.३०

म्हणजे पोरगा चार महिने अवघड गिअरवर चढला. शाबास. मी म्हणत होतोच, पायात दम आहे.

चेनतेल | शनिवार, ८.१५

तो स्क्रू असा सोडवा. पुढच्या डिरेलरवर शेजारी शेजारी दोन स्क्रू असतात, एकावर एल, दुसऱ्यावर एच. आपल्याला एल. मागे चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर ठेवा, डावा शिफ्टर १ वर. एल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा सोडा आणि दर वेळी पायडल फिरवून बघा. चेन खाली उतरली की थांबा. आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर फट हवी. नखाची कड जाईल इतकी.

तरीही उतरत नसेल तर केबल ताणलेली आहे. शिफ्टरपाशी गोल फिरवायची नळी असते ती आत फिरवून केबल ढिली करा. हावरटासारखा स्क्रू पूर्ण सोडू नका, चेन आत पडून फ्रेम आणि चक्र यांच्यात पाचर बसते. ती काढताना तोंडातून जे निघतं ते या संस्थळाच्या धोरणात बसत नाही.

काका, राग मानू नका. तुमच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर फेऱ्याला पाच मीटरच्या वर जायची ती. डबलसीट घेऊन येऊर चढलात का कधी? खरं सांगा.

पोखरणकाका | शनिवार, ८.५०

तलावपाळी, नौपाडा, कोपरी. येऊरला गेलो होतो एकदा. ढकलत नेली होती. पण तो रस्ताही तेव्हा असा नव्हता.

तर्री_जास्त | शनिवार, ८.५२

😂😂 काका रॉक्स

नेरळ_ते_दस्तुरी | शनिवार, रात्री १०.२०

छोटं चक्र लागलं की फरक पडेलच. पण मी दुकानदाराची बाजू थोडी मांडतो, शिव्या खायची तयारी आहे.

माझ्याकडे १ बाय १२ आहे. पुढे ३०, मागे १० ते ५१, चाक २९ इंची. नावाप्रमाणे नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत महिन्यातून एकदा जातो. तो घाट ज्यांनी गाडीने केलाय त्यांना माहीत आहे, टॅक्सीवालेसुद्धा पहिल्या गिअरच्या वर जात नाहीत. तिथे मी बसून चढतो. पुढे एकच चक्र असल्याने पुढचा डिरेलर नाही, तो बिघडणार नाही, चेन मधल्यावर राहिली का हे वाकून बघायचं नाही. उपवनकरांना जो त्रास झाला तो या रचनेत होऊच शकत नाही. चक्राचे दाते आलटून पालटून जाड-बारीक असतात, त्यात चेन पकडून बसते, आणि मागच्या डिरेलरला क्लच असतो म्हणून खडबडीत उतारावर चेन फडफडत नाही.

हे फॅड म्हणून आलेलं नाही. २०१२ साली स्रॅम कंपनीने पुढे एक चक्र आणि मागे १०-४२ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आणली, २०१६ साली ती १०-५० झाली, आणि २०२० मध्ये शिमानोने १०-५१ आपल्या देओरे मालिकेपर्यंत, म्हणजे मधल्या किमतीत आणली. आता नव्या चांगल्या एमटीबीला तीन चक्रं शोधावी लागतात.

तर्री_जास्त | शनिवार, १०.३१

देओरे की देवरे? आमच्याकडे नाशिकचे एक देवरे आहेत, तेही चढावर चांगले आहेत.

चेनतेल | शनिवार, ११.०५

दस्तुरीभाऊ, शिव्या नाहीत. फक्त हिशेब पूर्ण मांडा ना.

तुमचं ३० भागिले ५१, २९ इंची चाकाचा घेर २ मीटर ३० धरला तर फेऱ्याला १ मीटर ३५. माझी आठ वर्षं जुनी ३ बाय ९. पुढे छोटं चक्र २२, मागे ३६, चाक साडेसत्तावीस. फेऱ्याला १ मीटर ३१. म्हणजे माझं जुनं धूड तुमच्या नव्या यंत्रापेक्षा चढाला किंचित हलकं आहे. कॅसेट झिजली की तुमची बदलायला जे लागतात त्यात माझी कॅसेट, चेन आणि वर सगळ्यांना मिसळ होते.

आणि २९ इंची चाकाचं कुणी बोलत नाही. चाक मोठं केलं की प्रत्येक गिअर जड होतो. साडेसत्तावीसवर ३२ चं चक्र चालत असेल तर २९ वर ३० लागतं. शोरूममध्ये सायकल पसंत करताना हे कोण विचारतं?

नेरळ_ते_दस्तुरी | शनिवार, ११.२०

मान्य. पण पुढे-मागे दोन्ही शिफ्टर सांभाळत घाट चढणं मला नाही जमत. आवड आपापली. आणि मिसळ मला चालेल.

खारघरची_घार | रविवार, सकाळी ७.१५

टेकडी उतरून आले, आता लिहिते.

उपवनकर, तुमच्याकडे फ्रीव्हील आहे, कॅसेट नाही. म्हणजे चक्रं आणि ते टकटक करणारं यंत्र एकत्र, आख्खं हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्याने बसवलेलं. त्या हबवर ११-५१ किंवा १०-५१ बसणारच नाही. ११ स्पीडची ११-५१ साध्या कॅसेट हबवर बसते, १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला वेगळी हबबॉडी लागते. तुमच्या सायकलीवर तो प्रयोग करायचा तर मागचं चाक, डिरेलर, शिफ्टर, चेन, पुढचं चक्र, सगळं नवीन. त्यापेक्षा नवी सायकल परवडेल. आणि नवी सायकल आत्ता नकोच.

तुमच्यासाठी मधला रस्ता आहे. ७ स्पीडचंच १४-३४ फ्रीव्हील मिळतं, मेगारेंज म्हणून. १४ ते २४ पर्यंत सगळी चक्रं तुमच्यासारखीच, फक्त शेवटचं २८ ऐवजी ३४. रोजच्या चालवण्यात काही बदलत नाही, शेवटी एक तळमजला मिळतो. २४ वरून एकदम ३४ वर उडी आहे, ती जाणवते. चढावर मला तरी ती उडी हवीशीच वाटते.

आधी दोन गोष्टी तपासा. मागचा डिरेलर ३४ दात्यांपर्यंत चालतो का (मॉडेल क्रमांक आतल्या बाजूला कोरलेला असतो) आणि चेन पुरते का.

गणिताचा_तास | रविवार, ८.००

२४ भागिले ३४, ०.७१, फेऱ्याला १ मीटर ५२. ताशी ६ ला ६६ फेरे, पायडलवरची सरासरी १५ किलो. २६ वरून १५. आणि वरचा ४२-१४ आहे तसाच राहतो, मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी ३१, सपाटीवर काही गमावलं नाही.

सपाट_माणूस | रविवार, ८.४०

मी कोपरखैरण्याचा. पाम बीच, सी-वूड्स, परत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल. तरी हा धागा पहिल्यापासून वाचतोय, वाचनखूण साठवली.

शंका: मग अजून हलका का नाही घ्यायचा? पुढे २० मागे ५२ वगैरे?

खारघरची_घार | रविवार, ९.२५

घेता येईल, पण सायकल दोन चाकांवर उभी राहायला थोडा वेग लागतो. ताशी चारच्या खाली हँडल सापासारखं वळवळायला लागतं. १.३५ मीटरच्या गिअरला मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी ४.९. याच्या खाली गेलात तर शेजारून चालणारा माणूस तुमच्याशी गप्पा मारत येईल. मी स्वतः तेव्हा उतरते. यात लाज कसली?

दुसरं म्हणजे मुरूम. डांबर संपून सुटा दगड लागला की फार हलक्या गिअरवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, कारण पायाचा प्रत्येक झटका मोठा होऊन चाकावर जातो. तिथे एक चक्र जड ठेवते आणि सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसते, कोपर खाली, छाती हँडलकडे. मागे बसलात की पुढचं चाक उचललं जातं, उभं राहिलात की मागचं घसरतं. या दोघांच्या मध्ये बुडाला दुखेल अशी एक जागा असते, तीच बरोबर.

आणि गिअर चढाच्या आधी टाका. वळण दिसलं की. पायडलवर पूर्ण जोर असताना शिफ्टर दाबला की जो कडकड आवाज येतो तो दात्यांचा असतो. वेळ चुकलीच तर एक अर्धा फेरा हलका मारा आणि मग दाबा. पावसात हे दुप्पट पाळा, लाल चिखल चेनमध्ये गेला की ती कानशीसारखी घासते. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या बाजूला बहुतेक वेळा बंदी असते, तिकडे जाऊ नका, पोलीस परत पाठवतात आणि बरोबर करतात.

पोखरणकाका | रविवार, १०.१०

या सगळ्यात हृदयाचा ठोका कुणी मोजला का? मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, सायकल विचारू म्हणतो.

खारघरची_घार | रविवार, १०.१८

जरूर विचारा काका. आणि सुरुवात पाम बीचला करा, येऊरला नको. सपाट_माणूस सोबत येतील.

नेरळ_ते_दस्तुरी | रविवार, १०.३०

अवांतर: १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला बंदी होती. गिअर बदलायचा तर उतरून मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असायचं. आल्प्सच्या घाटात. तेव्हा काकांच्या पंथाला मोठी परंपरा आहे.

उपवनकर | बुधवार, रात्री ९.४०

वृत्तांत देतो.

एल स्क्रू सव्वा फेरा सोडला, चेन टुणकन २४ वर. रविवारी दुपारीच तसाच येऊरला गेलो. जिथे नेहमी उतरायचो ते वळण बसून पार केलं, पुढच्या वळणावर धाप लागून थांबलो. फुकटात एक वळण मिळालं.

मग १४-३४ आणायला निघालो. ठाणे स्टेशनजवळच्या दोन दुकानांत "असलं काही येत नाही" ऐकलं, तिसऱ्याने खोक्यातून काढून दिलं. फिटिंगसकट हजाराच्या आत. जुनं फ्रीव्हील निघता निघेना. चार महिने मी त्याला चढावर आवळतच होतो म्हणे. त्याने फ्रीव्हील काढायचं खाचेचं टूल लावलं, त्यावर हातभर लांब पाना आणि त्यावर स्वतः उभा राहिला. मोठा आवाज झाला आणि सुटलं.

डिरेलर ३४ ला चालणारा निघाला. चेनची मात्र भानगड झाली. तो म्हणाला तीच चालेल. मी धाग्यातलं आठवून पुढे ४२, मागे ३४ हळूच हाताने लावून बघायला सांगितलं. चेन तारेसारखी ताठ, डिरेलर पुढे ओढून आडवा. चुकून तो गिअर पडला असता तर डिरेलरच उपटून आला असता. तीन-चार कड्या कमी पडत होत्या, शेवटी नवी चेन घेतली. डिरेलरच्या मागचा छोटा स्क्रू आवळून वरची पुली ३४ च्या दात्यांपासून लांब केली, नाहीतर घासत होती.

आज सकाळी ६ ला गेलो. न उतरता वर. एकदा पाय टेकला, पण ते कुत्र्यामुळे, तो धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा. वेग ताशी साडेपाच. गुडघा गप्प आहे, सीटमुळे की गिअरमुळे माहीत नाही.

मावशी भेटल्या नाहीत.

गणिताचा_तास | बुधवार, ९.५५

कुत्र्याचा गुण कापणार नाही. पास.

चेनतेल | बुधवार, १०.१०

बेश्ट. आता महिन्याभराने फ्रीव्हील आणि केबल एकदा बघून घ्या, नवी केबल ताणते. आणि ४२-३४ तो गिअर बसला तरी वापरू नका, चेन तिरकी चालते. १-७ पण नाही. तुमच्या २१ मधले बरेच गिअर एकमेकांच्या नकलाच आहेत, ३४-२४ आणि २४-१७ मध्ये काय फरक असणार?

तर्री_जास्त | बुधवार, १०.१४

१७ नाहीये त्यांच्याकडे. १६ आहे, १८ आहे. तेल डोक्याला लावा.

चेनतेल | बुधवार, १०.२०

😀 बरोबर. ४२-२४ आणि ३४-२० घ्या. १.७५ आणि १.७. झोप येतेय.

उपवनकर | बुधवार, १०.३५

जुनं १४-२८ फ्रीव्हील घरी पडलंय, चार महिन्यांचं, दाते चांगले आहेत. कुणाला हवंय? फुकट.

सपाट_माणूस | बुधवार, १०.४१

मला! माझं १४ चं चक्र झिजून चेन उडतेय, मी त्याच्या पलीकडे कधी गेलोच नाही. शनिवारी कामाने ठाण्यात आहे, उपवनला येऊन घेतो. वर येऊरला चला म्हणू नका फक्त.